वाडा, तांडा, छावणी आणि मळा : नाशिक परिसरातील थोराड कुत्र्याचा इतिहास

नाशिक शहराच्या सीमेवरील द्राक्षमळ्यांत, सिन्नर-येवल्याच्या माळावरील मेंढवाड्यांत आणि शहरातल्या नव्या बंगल्यांच्या फाटकांमागे आज जो उंच, रुंद छातीचा, ना धड गावठी ना धड विलायती असा कुत्रा दिसतो, त्याला बोलीत सरसकट ‘क्रॉस’ म्हटले जाते. या शब्दात थोडी हेटाळणी आहे आणि थोडे कौतुकही आहे. जातिवंत नसल्याची हेटाळणी, आणि देखभालीला सोपा व कामाला खंबीर असल्याचे कौतुक. दोन्हींच्या मुळाशी मात्र एकच समजूत आहे, ती अशी की कुत्र्यांच्या शुद्ध जाती आधी होत्या आणि मिश्रण नंतर झाले. नाशिक आणि त्याच्या आसपासच्या गोदावरी-प्रवरा खोऱ्याचा इतिहास या समजुतीला दुजोरा देत नाही. येथे थोराड कुत्रा, म्हणजे साधारण पंचवीस किलोंच्या पुढे भरणारा राखणीचा वा शिकारीचा कुत्रा, दीर्घकाळ त्याच्या कामावरून ओळखला गेला. त्याच्या रक्ताची चौकशी बरीच उशिरा, वसाहतकाळात सुरू झाली, आणि त्याच चौकशीने त्याचे पूर्वीचे स्थान हलवले.

या इतिहासाचा पाया भूगोलात आहे. नाशिक जिल्ह्याचे स्थूलमानाने तीन पट्टे पडतात. पश्चिमेला इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ आणि सुरगाणा हा सह्याद्रीच्या माथ्यावरचा, दाट पावसाचा व रानाचा पट्टा आहे. मध्यभागी निफाड-दिंडोरीची काळी, बागायती जमीन आहे. आणि पूर्वेला व दक्षिणेला सिन्नर, येवला, नांदगाव, चांदवड, मालेगाव हा अवर्षणाचा, गवताळ माळांचा पट्टा पसरला आहे. पहिल्या पट्ट्यात कुत्रा लागे तो रानडुक्कर उठवायला आणि बिबट्याची चाहूल द्यायला, दुसऱ्यात खळे आणि गोठा राखायला, तर तिसऱ्यात लांडग्यापासून मेंढरे वाचवायला. या तिन्ही पट्ट्यांना छेदून कोकणातून थळ घाटाने वर चढणारी, नाशिक, चांदवड, मालेगाव या मार्गाने खानदेश आणि माळव्याकडे जाणारी व्यापारी वाट होती, आणि त्या वाटेने माल आणि माणसांबरोबर दूरदूरच्या मुलखांतले कुत्रेही येत-जात राहिले. त्यामुळे येथील कुत्र्यांचे रक्त कधीच एका जागी कोंडून राहिले नाही.

या खोऱ्यातील माणूस आणि कुत्रा यांच्या सहवासाचा सर्वांत बोलका पुरावा नाशिकच्या आग्नेयेस, प्रवरेच्या काठावरील दायमाबाद येथे मिळाला. अहिल्यानगर जिल्ह्यातील या ठिकाणी १९७४ मध्ये चार मोठ्या धातुमूर्ती सापडल्या : हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैल जुंपलेला एक रथ. या रथात उभा असलेला पुरुष रथ हाकतो आहे, आणि त्याच्यापुढे, बैलांच्या आणि रथाच्या मधल्या दांडीवर, एक कुत्रा उभा आहे. काही पुरातत्त्वज्ञ या मूर्ती उत्तर हडप्पा काळातील, म्हणजे इसवी सनापूर्वी सुमारे दोन हजार वर्षांच्या आसपासच्या मानतात, तर धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणाचा दाखला देऊन काहींनी इतक्या प्राचीनतेविषयी शंका घेतली आहे. काळाचा वाद बाजूला ठेवला, तरी मूर्तिकाराने कुत्र्याला दिलेली जागा विचार करण्यासारखी आहे. तो रथामागे धावत नाही किंवा सावजाचा पाठलागही करत नाही, तर वाहनाच्या अग्रभागी, वाट न्याहाळणाऱ्याच्या जागी उभा आहे. त्याची जात कोणती हे त्या धातूवरून सांगता येत नाही, पण त्याचे काम मात्र स्पष्ट दिसते.

हेच काम पुढे धनगरांच्या वाड्यावर दिसते. येथे ‘वाडा’ म्हणजे चिरेबंदी घर नव्हे, तर मेंढ्या रात्री एकत्र बसवण्याची जागा आणि तिच्याभोवती पडलेला कुटुंबाचा मुक्काम. पावसाळ्यात कमी पावसाच्या पूर्वेकडील माळावर आणि सुगीनंतर मोकळ्या झालेल्या शेतांकडे असा धनगरांचा वार्षिक फेरा असे. शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेई, लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य देई, आणि मुक्काम पुढच्या शिवारात सरके. या फिरत्या व्यवस्थेत भिंत नव्हती, दार नव्हते आणि कुलूपही नव्हते. भिंतीचे, दाराचे आणि कुलपाचे काम कुत्रा करी. त्याचा खरा प्रतिस्पर्धी होता माळावरचा लांडगा, जो अंधारात येतो, कळपाच्या कडेचे कोकरू उचलतो आणि गाजावाजा न करता निघून जातो. अशा शत्रूपुढे केवळ आक्रमक कुत्रा उपयोगी पडत नाही, कारण लांडग्यामागे दूरवर धावत सुटलेला कुत्रा कळप उघडा टाकतो. कळपाला चिकटून राहणारा, परक्याला लांबूनच दटावणारा आणि हाताबाहेर गेल्याखेरीज अंगावर न जाणारा कुत्रा वाड्याला लागतो.

हा स्वभाव जन्मतः पुरा तयार नसतो. तो घडवावा लागतो. कुत्र्याच्या पिल्लाच्या आयुष्यातील साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतच्या काळाला आजचे प्राणिवर्तनशास्त्र ‘सामाजिकीकरणाचा काळ’ म्हणते, म्हणजे असा काळ की ज्यात पिल्लू ज्यांच्या सहवासात राहते त्यांना ते आयुष्यभर आपले मानते. वाड्यावर जन्मलेले पिल्लू नेमके याच दिवसांत मेंढ्यांच्या उबेला झोपते, कोकरांशी खेळते, मेंढीची धडक खाऊन अंतर राखायला शिकते आणि घरच्या मुलांच्या ताटातील भाकरीवर वाढते. धनगराने हे शास्त्र पुस्तकात वाचले नव्हते, पण कोकरावर दात टाकणारे पिल्लू वाड्यावर ठेवायचे नाही आणि रात्री मुक्काम सोडून भटकणाऱ्या कुत्र्याची वेल वाढू द्यायची नाही, हा व्यवहार निवडीचेच काम करी. निवड स्वभावाची होई. कान उभे की पडलेले, रंग तांबडा की काळा, याला महत्त्व नव्हते. गावची कुत्री, दुसऱ्या वाड्यावरचा नर, वाटेवरच्या तांड्यातला एखादा लांब पायांचा कुत्रा, यांपैकी कोणाचेही रक्त त्या वेलीत मिसळे. लांडगा आणि कुत्रा यांच्यातील सीमारेषाही सर्वस्वी अभेद्य नाही. पुणे जिल्ह्यातील माळरानावर दिसलेला एक प्राणी लांडगा आणि कुत्रा यांच्या संकरातून जन्मलेला असल्याचे जनुकीय तपासणीने अलीकडेच सिद्ध केले आहे. वन्यजीव संरक्षणाच्या दृष्टीने ही चिंतेची बाब आहे, कारण अशा संकराने लांडग्याचे मूळ रक्तच पातळ होत जाते.

थोराड कुत्र्याची दुसरी परंपरा तांड्याची आहे. लमाण वा बंजारा व्यापारी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर हिंडत, आणि त्यांच्या बैलांच्या या काफिल्याला ‘तांडा’ म्हणत. रात्री गोण्यांची थप्पी रचून तिच्या आडोशाने मुक्काम पडे, आणि मालाची राखण कुत्र्यांकडे असे. याच फिरत्या जगाशी ‘कारवान’ हे नाव जोडले गेले आहे. दख्खनमध्ये आढळणारा हा सडपातळ, खोल छातीचा, लांब तोंडाचा आणि अतिशय वेगवान कुत्रा काफिल्यांबरोबर दिसे, म्हणून इंग्रजांनी त्याला काफिल्याच्या नावाने ओळखले, असे मानले जाते. त्याच्याच लांब केसांच्या प्रकाराला ‘पश्मी’ म्हणतात, आणि हा शब्द लोकर या अर्थाच्या फारसी ‘पश्म’वरून आला आहे. या नावांतच त्याच्या पूर्वजांचा माग लागतो. पश्चिम आणि मध्य आशियातील सलुकी व ताझी या पळणाऱ्या कुत्र्यांशी त्याची ठेवण जुळते, आणि सैनिक, घोड्यांचे व्यापारी व काफिले यांच्याबरोबर दख्खनमध्ये आलेल्या अशा कुत्र्यांचा येथील स्थानिक कुत्र्यांशी संबंध येऊन ही वेल तयार झाली असावी, हे मत सर्वसाधारणपणे स्वीकारले जाते. म्हणजे ज्या कारवानाला आज ‘शुद्ध देशी जात’ म्हणून मान मिळतो, तोही मुळात दोन मुलखांच्या मिश्रणातून घडलेला आहे.

या कुत्र्याला ‘जात’ म्हणून प्रतिष्ठा मिळाली ती संस्थानी आश्रयाने. आज कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात असलेल्या मुधोळ या मराठा संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या कुत्र्यांची जोपासना केली, इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज याला त्यांची जोडी भेट दिली, आणि पुढे ‘मुधोळ हाउंड’ हे नाव रूढ झाले. भारतीय टपाल खात्याने जानेवारी २००५ मध्ये देशी कुत्र्यांवर चार तिकिटे काढली, त्यांत मुधोळचा समावेश होता. २०१६ मध्ये भारतीय लष्कराच्या मेरठ येथील केंद्रात मुधोळ पिल्लांच्या प्रशिक्षणाला सुरुवात झाली. नाशिकच्या वाटेवरील तांड्यांना मात्र असा आश्रय लाभला नाही. १८६५ मध्ये थळ घाटातून लोहमार्ग सुरू झाला, मुंबईचा माल इगतपुरीमार्गे थेट खानदेशात जाऊ लागला, आणि बैलांच्या पाठीवरची वाहतूक एका पिढीत ओसरली. तांडे वस्त्यांमध्ये स्थिरावले तसे त्यांचे कुत्रेही शेताच्या बांधावर आले आणि गावच्या कुत्र्यांत मिसळून गेले. आज गावठी म्हणून गणल्या जाणाऱ्या एखाद्या कुत्र्याचे पाय अनपेक्षितपणे लांब आणि कंबर आत ओढलेली दिसते, तेव्हा त्यामागे हा विसरलेला मिलाफ असण्याचा संभव मोठा आहे.

धर्मभावनेत कुत्र्याचे स्थान दुहेरी राहिले. एकीकडे स्मृतिग्रंथांनी त्याला अपवित्र ठरवले आणि भाषेने त्याच्या नावाच्या शिव्या केल्या. दुसरीकडे धनगरांचे कुलदैवत असलेल्या खंडोबाबरोबर कुत्रा असतो, आणि खंडोबाला वाहिलेल्या वाघ्यांमध्ये ‘कोटंबा’ या लाकडी पात्रातील अन्न कुत्र्याप्रमाणे भुंकत खाण्याची प्रथा होती, जिच्यात भक्ताने स्वतःला देवाच्या राखणदाराच्या भूमिकेत पाहिले. नाशिकजवळ देवळालीच्या टेकडीवर खंडोबाचे मंदिर आहे, आणि ओझर येथे चंपाषष्ठीला खंडोबाची मोठी यात्रा भरते. गोदाघाटावरील एकमुखी दत्ताच्या मंदिरात येणाऱ्या भाविकालाही दत्ताच्या पायाशी असलेले चार कुत्रे चार वेदांचे प्रतीक म्हणून परिचित असतात. राजसत्तेनेही कुत्र्याच्या पराक्रमाची दखल घेतली. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्या काळातील, इसवी सन ९४९-५० च्या अतकूर येथील कानडी शिलालेखात रानडुकराशी झुंजताना मेलेल्या ‘काळी’ नावाच्या कुत्र्याचे स्मारक उभारल्याची व त्याच्या पूजेसाठी जमीन दिल्याची नोंद आहे. साताऱ्याजवळ संगम माहुली येथे छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी दाखवली जाते. या सर्व उदाहरणांत गौरव झाला आहे तो कुत्र्याने बजावलेल्या कामाचा.

कुत्र्याविषयीच्या तिरस्कारामागे धार्मिक विटाळाइतकेच एक व्यावहारिक कारणही होते, ते म्हणजे पिसाळण्याचा रोग. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात या रोगाचे वर्णन ‘अलर्कविष’ या नावाने येते. पिसाळलेल्या प्राण्याची लाळ गळणे, शेपूट व मान लोंबणे आणि सैरावैरा धावणे ही लक्षणे तेथे दिली असून, चावलेल्या माणसाला पाण्याची भीती वाटू लागली, म्हणजे ‘जलत्रास’ सुरू झाला, की तो वाचत नाही, असेही सांगितले आहे. जखमेतील रक्त काढून ती तापवलेल्या तुपाने डागावी, असा त्यात उपचार आहे. या वर्णनातील निरीक्षण आजही खरे आहे : लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. उपाय हाताशी नसल्याने सत्तेने कुत्र्यांना मारण्याचा मार्ग धरला. मुंबईत मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमाविरुद्ध जून १८३२ मध्ये पारशी समाजाने उठाव केला आणि शहराचे व्यवहार बंद पाडले. कुत्र्याला पवित्र मानणाऱ्या समाजाच्या भावनेला त्या हुकमाने धक्का लावला होता. पुढे १८८५ मध्ये लुई पाश्चर यांनी पॅरिसमध्ये पिसाळरोगावरील लस पहिल्यांदा माणसाला दिली, १९०० मध्ये हिमाचलातील कसौली येथे पाश्चर संस्था सुरू झाली, आणि तेथेच डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये मेंदूच्या ऊतीपासून तयार होणारी लस विकसित केली. ‘पोटातली चौदा इंजेक्शने’ म्हणून महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांच्या मनात धास्ती बसली ती याच लशीची. ती पुढे मेंढीच्या मेंदूपासून बनवली जाई, आणि भारतात तिचे उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबवण्यात आले. म्हणजे ज्या मेंढीला कुत्रा राखत आला, तिच्याच मेंदूने कुत्र्याने चावलेल्या माणसाला सुमारे शतकभर वाचवले.

कुत्र्याच्या रक्ताची चौकशी नाशिकच्या दारात आली ती देवळालीच्या छावणीबरोबर. इंग्लंडमध्ये कुत्र्यांचे पहिले प्रदर्शन १८५९ मध्ये न्यूकॅसल येथे भरले, आणि १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लबची स्थापना झाली. या संस्थेने प्रत्येक जातीसाठी उंची, रंग, कान, शेपूट यांचे ठरावीक मापदंड आखले आणि वंशावळीची नोंद ठेवण्याची पद्धत घालून दिली. साधारण याच काळात देवळाली येथे ब्रिटिश सैनिकांची संक्रमण छावणी उभी राहिली, म्हणजे मुंबई बंदरातून येणाऱ्या आणि तिकडे परत निघालेल्या सैनिकांचा मुक्कामाचा तळ. परतीच्या जहाजाची वाट पाहत कंटाळलेल्या सैनिकांच्या बोलीत या गावाच्या नावावरून वेडसरपणाला ‘डूलॅली’ हा शब्दच तयार झाला. गोऱ्या साहेबाच्या बंगल्याबरोबर टेरिअर, स्पॅनिअल, ग्रेहाउंड आणि पुढे अल्सेशियन म्हणजे जर्मन शेफर्ड या जाती हिंदुस्थानच्या छावण्यांत रुळल्या. त्यांचा आसपासच्या गावांतील कुत्र्यांशी संबंध येणे अटळ होते, आणि छावणीच्या भोवतालच्या वस्त्यांत त्यातून मिश्र पिल्ले जन्मली असणार हेही उघड आहे. मात्र मिश्रणाकडे पाहण्याची नजर आता बदलली होती. वाड्यावर मिश्रण ही स्वाभाविक गोष्ट होती. छावणीच्या मापाने ती भेसळ ठरली. ‘गावठी’ हा शब्द गावचा या साध्या अर्थावरून कमअस्सल या अर्थाकडे सरकला, त्यामागे ही नवी प्रतवारीही होती.

पशुवैद्यकाचा प्रवास याला समांतर आहे. घोडा आणि बैल हे राज्याच्या व शेतीच्या उपयोगाचे असल्याने त्यांच्या वैद्यकाला जुनी परंपरा होती; कुत्र्याचे दुखणे मात्र घरगुती उपायांवर निभावले जाई, म्हणजे लूत भरली तर करंजाचे तेल, गोचीड झाले तर राख वा कडुनिंब, आणि जखमेला हळद. मुंबईत परळ येथे १८८० च्या दशकात बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय उभे राहिले आणि १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा या प्रांतात प्रशिक्षित पशुवैद्य तयार होऊ लागले. नाशिक-पंचवटीची पांजरपोळ ही संस्था त्याच्याही थोडी आधी, १८७८ मध्ये स्थापन झाली, पण तिची मुख्य दृष्टी गोवंशावर राहिली. लसटोचणी आणि शस्त्रक्रिया कुत्र्याच्या वाट्याला सर्वसामान्य घरांत आल्या त्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि पार्वो या विषाणूजन्य रोगाची साथ १९७८ नंतर जगभर पसरल्यावर पिल्लाच्या लशीचे महत्त्व शहरी पालकांना खऱ्या अर्थाने कळले.

विसाव्या शतकाच्या अखेरीस थोराड कुत्र्याला नाशिकमध्ये नवे काम मिळाले ते मळ्यात. द्राक्षबागा, उसाचे फड आणि शेतातच बांधलेली घरे यांमुळे निफाड, दिंडोरी, सिन्नर या भागांत माणसाची वस्ती विखुरली, आणि उसात बिबट्या स्थिरावला. लगतच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या आहाराचा जो अभ्यास झाला, त्यात त्याच्या खाण्यातील सर्वांत मोठा वाटा, वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के, कुत्र्यांचा निघाला. राखणदार आता स्वतःच सावज झाला होता. बाजारातून आणलेले लॅब्रॅडोर वा जर्मन शेफर्ड आणि मळ्यावरची गावठी कुत्री यांच्या मिश्रणातून निघालेली दणकट पिल्ले शेतकऱ्याने पसंत केली ती याच भीतीपोटी. परंतु साखळीने बांधलेला कुत्रा, मग तो कितीही थोराड असो, बिबट्यापुढे हतबल असतो. वाड्यावरच्या कुत्र्याची ताकद त्याच्या देहाइतकीच त्याच्या मोकळेपणात आणि सोबतीच्या कुत्र्यांत होती, हे मळ्याच्या व्यवस्थेत विसरले गेले. रात्री कुत्र्याला बंदिस्त, छप्पर असलेल्या जागेत ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

मिश्र कुत्र्याच्या स्वभाव व प्रकृतीविषयी अलीकडच्या संशोधनाने जुन्या व्यवहाराला अनपेक्षित आधार दिला आहे. अमेरिकेत अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या माहितीवर आधारलेला आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, कुत्र्याकुत्र्यांमधील वागण्याच्या फरकांपैकी केवळ सुमारे नऊ टक्के फरक जातीवरून समजावता येतो. म्हणजे ‘शेफर्डचा क्रॉस आहे, चावणारच’ किंवा ‘लॅबचा आहे, गरीबच असणार’ ही दोन्ही भाकिते डळमळीत आहेत. प्रकृतीच्या बाबतीत मिश्र कुत्रा नेहमी निरोगी असतो, हा समजही अर्धाच खरा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या २०१३ मधील अभ्यासात २४ आनुवंशिक विकार तपासले गेले, त्यांपैकी १० विकार शुद्ध जातींत अधिक आढळले, १३ विकारांत दोहोंत फरक दिसला नाही, आणि गुडघ्याचा अस्थिबंध तुटण्याचा एक विकार मिश्र कुत्र्यांत अधिक निघाला. खुब्याचा सांधा सैल राहण्याचा विकार, जो थोराड कुत्र्यांना म्हातारपणी लंगडे करतो, तो या १३ विकारांपैकी आहे. तेव्हा सांध्यांच्या दृष्टीने रक्तापेक्षा आकाराचा आणि वाढीचा विचार महत्त्वाचा ठरतो. पिल्लू लवकर भरावे म्हणून त्याला बेसुमार खाऊ घालणे आणि वर कॅल्शियम देणे हाडांना घातक असते. वीस किलोंहून जड होणाऱ्या मिश्र कुत्र्याचे निर्बीजीकरण वर्षाच्या आत केल्यास सांध्यांचे विकार वाढतात, असे त्याच विद्यापीठाच्या २०२० मधील अभ्यासात दिसले, म्हणून पाळीव थोराड कुत्र्याच्या शस्त्रक्रियेची वेळ पशुवैद्याच्या सल्ल्याने ठरवणे इष्ट असते.

खोल छातीच्या कुत्र्यांत आणखी एक धोका असतो : एका वेळी भरपूर खाऊन लगेच धावल्यास जठर वायूने फुगून स्वतःभोवती पीळ खाऊ शकते, व काही तासांत मृत्यू येऊ शकतो. अशा कुत्र्याला दिवसाचे अन्न दोन-तीन वेळांत विभागून देणे आणि खाण्यानंतर विश्रांती देणे आवश्यक असते. गोचिडांतून होणारा ताप, ज्यात रक्तातील बिंबिका घटतात आणि नाकातून रक्त येऊ लागते, हा या भागातील उष्ण हवेत वर्षभर संभवणारा रोग आहे. आणि नाशिकसाठी तर एक खास सूचना आहे : द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विषारी ठरतात. हे पशुवैद्यकाला एकविसाव्या शतकाच्या आरंभी लक्षात आले, आणि अलीकडे द्राक्षातील टार्टारिक आम्ल हे त्याचे कारण असावे, असे मानले जाऊ लागले आहे. किती द्राक्षांनी बाधा होईल हे कुत्र्यागणिक बदलते, म्हणून द्राक्षबागेच्या राखणदाराला त्याच बागेतील फळ खाऊ न देणे हाच सुरक्षित नियम ठरतो.

कायद्याने या नात्याला आता चौकट दिली आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० मध्ये झाला. मोकाट कुत्री मारण्याऐवजी त्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करण्याचे नियम २००१ मध्ये आले आणि २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. १८३२ च्या हुकमापासून येथपर्यंतचा प्रवास मोठा असला, तरी रस्त्यावर येणाऱ्या थोराड कुत्र्यांचा प्रश्न केवळ नियमांनी सुटणारा नाही, कारण त्यांतील बरेचसे कुत्रे कोणीतरी हौसेने पिल्लू म्हणून आणलेले आणि पुढे वजन, खाणे वा भुंकणे न झेपल्याने सोडून दिलेले असतात. वाड्यावरचा वा तांड्यावरचा कुत्रा असा सोडला जात नसे, कारण त्याच्यावाचून रात्र निभावत नसे. काम संपले तेव्हा नात्यातील हा करार संपला, आणि त्याच्या जागी आलेली हौस करारापेक्षा कच्ची निघाली.

वाड्यावरच्या आणि तांड्यावरच्या कुत्र्यापासून निफाडच्या मळ्यातील ‘क्रॉस’पर्यंत या परिसरातील थोराड कुत्रा सदैव मिश्र रक्ताचाच राहिला आहे, बदलली ती त्याच्याकडे पाहणारी नजर. पिल्लू घरी आणताना त्याच्या आईबापांची जात विचारणाऱ्या नाशिककराने त्याऐवजी चार प्रश्न स्वतःला विचारणे अधिक उपयोगाचे ठरेल : याला काम काय देणार, जागा किती देणार, याची लस कोण टोचून आणणार, आणि दहा-बारा वर्षांनी हा म्हातारा होईल तेव्हा घरात कोण असेल. धनगराच्या वाड्यावर या प्रश्नांची उत्तरे पिल्लू जन्मण्याआधीच तयार असत.